सरपंचिणीचं दावं

दिगंबरराव, तलाठी लंगडत नाही. हे आधी सांगतो, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं. सुमन कशी आहे, पोरं काय म्हणतात, हिंगोलीत नळाला पाणी येतं का, हे सगळं तुमच्या लेखी नंतरचं. दारात पाय ठेवल्या ठेवल्या तुमचा पहिला प्रश्न चार पायांच्या मंडळींबद्दल असायचा. तर तलाठी बरा आहे. मागच्या उजव्या पायाचा नाल सैल झाला होता, तो बदलून घेतला. सरपंचीणही बरी आहे. तिच्याबद्दल मात्र सविस्तर बोलायचंय, कारण तिच्यावरून आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि तुम्ही मध्येच उठून गेलात.

वैशालीनं, तुमच्या लेकीनं, मला हे लिहायला बसवलं. "काका, बाबांचा जन्म, शिक्षण, शेती असलं काही लिहू नका, ते समद्यांना माहीत हाय. तुमचं अन् त्यांचं लिहा," म्हणाली. मी जन्मभर बस डेपोत मेकॅनिक. माझा लिहिण्याचा सराव एवढाच, की गाडी कोणती, तक्रार काय, काय बदललं आणि खाली सही. हेही थोडंफार तसंच होणार. सांभाळून घ्या.

आपण साडू. थोरली कुसुमअक्का तुमच्या घरी शिरड शहापूरला आली आणि धाकटी सुमन माझ्याबरोबर हिंगोलीत. साडूचं नातं मोठं सोयीचं. भावासारखी वाटणी नाही, मेव्हण्यासारखा मान राखायला नको, आणि सासऱ्याबद्दल मनातलं बोलायचं तर जगात तोच एक माणूस असतो. तरी कितीतरी वर्षं आपण लग्नाकार्यात भेटलो की "काय, बरंय ना?" एवढंच विचारायचो. तुम्ही घोडी पाळता म्हणून सासरवाडीला तुमची थट्टा व्हायची आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. सोयाबीन आणि तूर करणाऱ्या माणसाला घोडी कशाला लागते, असं मी सगळ्यांच्या देखत तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मेस्त्री, तुमाला टीव्ही कशाला लागतो?" आणि भाकरी कुस्करायला लागलात.

मग मी रिटायर झालो. नोकरी सुटली पण कान काही सुटले नाहीत. घरात बसल्या बसल्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून मी तिचा आजार ओळखायचो आणि मोठ्यानं जाहीर करायचो. "हिची क्लचप्लेट गेली." सुमन स्वयंपाकघरातून म्हणायची, "जाऊ द्या." दिवसभर हेच. तिनं अक्काला फोनवर काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही. पण त्या हिवाळ्यात तुम्ही माळेगावच्या जत्रेतून एक तांबडा घोडा परस्पर घेऊन आलात, आम्हा दोघांना शिरडला बोलावलंत आणि त्याचा लगाम माझ्या हातात दिलात. "ह्यो तुमचा." मी म्हटलं, मला स्कूटर पुरे आहे. सुमन तर हादरलीच. "घरात स्कूटर लावायला जागा न्हाई, अन् ह्यो कुठं बांधू, गच्चीवर?"

"बांधायचा कशाला? ऱ्हाईल की माझ्या गोठ्यात," तुम्ही म्हणालात. आपल्या भांडणाचं बी खरं तर तिथंच पडलं होतं. माझ्या लक्षात तेव्हा आलं नाही.

घोड्याचं नाव तुम्हीच तलाठी ठेवलंत, कारण गरजेच्या वेळी तो कधी जागेवर सापडायचा नाही. तुमच्या पांढऱ्या घोडीचं नाव आधीपासूनच सरपंचीण होतं. ती सगळ्यांच्या पुढं चालायची आणि कुणाचं ऐकायची नाही. पूर्वी ती नवरदेवाची घोडी. कनेरगाव नाक्याच्या एका बँडवाल्याकडं तिची उमेदीची वर्षं गेली. पुढं नवरदेव उघड्या जीपमधून, कुणी तर जेसीबीच्या खोऱ्यात बसून मांडवाला यायला लागले, तेव्हा बँडवाल्यानं ती तुम्हाला दिली. वाजंत्री ऐकली की तिचे पुढचे पाय आपोआप उचलले जायचे. तुम्हाला त्याचं फार कौतुक. तुमच्या आळीत कुणाकडं साधी हळद असली तरी तुमच्या गोठ्यात नाच सुरू व्हायचा.

मला घोड्यावर बसायला तुम्ही शिकवलंत. पहिल्या दिवशी मी बसलो कमी आणि पडलो जास्त. मी धुळीत पडलेला असताना तुम्ही वरून म्हणालात, "उठायची घाई करू नका. गाडीखाली झोपायची सवय हाय तुमाला, आता घोड्याखाली झोपून बघा." इतका राग आला होता की तेवढ्यासाठी मी परत चढलो. आणि चढलो तो उतरलोच नाही. त्यानंतर रस्त्यावरच्या गाडीचे आजार मी कुणाला सांगितले नाहीत. सुमननं हे माझ्याआधी ओळखलं. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. साडूचे आभार मानायची आपल्याकडं पद्धत नाही, म्हणून राहिलं. आता मानतो. दिगंबरराव, तुम्ही मला खुर्चीतून उठवलंत.

पळस फुलला की तुमचा फोन यायचा. "मेस्त्री, डोंगर पेटला बरं का." पहिल्या वर्षी मी घाबरून विचारलं होतं, वनखात्याला कळवलं का. ते तुम्ही पुढं प्रत्येक पाहुण्याला सांगितलंत. मग शिरडहून सकाळी निघायचं, शेतांच्या बांधांवरून औंढ्याच्या डोंगराला लागायचं आणि बैलगाड्यांच्या जुन्या वाटेनं, सागाच्या जंगलातून, मुक्काम करत करत सेनगावच्या बाजूला उतरायचं. सागाची वाळलेली पानं नालांखाली एवढी वाजायची की बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून तुम्ही ओरडून बोलायचात. तुमचा आवाज ऐकून रोही, मोर, रानडुकरं सगळी आधीच आपापल्या कामाला निघून जायची. घरी येऊन तुम्ही सांगायचात, यंदा बिबट्या थोडक्यात हुकला. एकदा नाल्याच्या ओल्या वाळूत तुम्ही मला त्याचा पंजा दाखवला होता. तो पंजा कुत्र्याचा होता, दिगंबरराव. हे माझं मत आजही कायम आहे.

आपले वाद तरी किती. तुम्हाला तीन दगडांची चूल पाहिजे आणि मी गॅसची छोटी शेगडी घेतल्याशिवाय निघायचो नाही. पानगळीच्या दिवसांत जंगलात विस्तव नको, असं वनरक्षक सांगायचा आणि मी त्याच्या बाजूनं मान हलवायचो. तुम्ही त्या शेगडीवरचं पिठलं खाताना दर घासाला म्हणायचात, धुराची चव न्हाई. पण दोन ताटल्या खायचात. तुमची सोयाबीन झाकायची ताडपत्री, तिचा आपण तंबू करायचो. तिची एक बाजू तुम्ही बांधायचात, एक मी. वारा आला की नेमकी तुमची बाजू उडायची.

कारण बांधणं तुम्हाला मान्यच नव्हतं. मी मेकॅनिक माणूस. सैल राहिलेला एक नट घाटात काय करतो ते मी पाहिलंय. मुक्कामाला पोचलो की मी आधी तलाठ्याला झाडाला बांधायचो, तेही आमच्या डेपोच्या गाठीनं. बसच्या टपावर सामान बांधायची ती गाठ. ओढली की आवळते, आणि युक्ती माहीत असली तर एका झटक्यात सुटते. तुम्हाला मी ती शिकवली तेव्हा तुम्ही म्हणालात, "ही सोडवायला वकील लागंल." सरपंचिणीला तुम्ही मोकळीच सोडायचात. "काहून बांधायची? तिला काय पळून जायाचंय? ज्याला ऱ्हायाचं ते ऱ्हातंय." मी म्हणायचो, जनावर आहे ते. तुम्ही म्हणायचात, "म्हनूनच."

आणि मग ते लग्न झालं.

लग्नसराईचे दिवस आणि आपण मुक्काम टाकला तो गावावरच्या टेकाडावर. नवरदेवाच्या घोडीला घेऊन वाजंत्रीच्या टप्प्यात मुक्काम करायचा, ही चूक आपल्याशिवाय कोण करणार? दिवस मावळायला आला होता, मी पिठलं ढवळत होतो, तुम्ही कांदा फोडत होतात. खालच्या गावात बँड सुरू झाला. सरपंचिणीनं कान टवकारले, मान वर केली आणि आपल्याकडं न बघता सरळ उतार धरला. तुम्ही बनियनवर तिच्यामागं धावलात. मी आधी शेगडी बंद केली आणि मग धावलो. यावरूनही तुम्ही मला पुढं वर्षभर बोललात.

धापा टाकत गावात पोचलो तर काय बघावं? नवरदेव मारुतीच्या पारावर अडून बसलेला. ठरवलेली घोडी आलीच नव्हती आणि नवरदेवाचा मामा रुसला होता. घोडीशिवाय भाचा मांडवात येणार नाही म्हणत होता. मुलीकडची माणसं हातापाया पडून थकली होती. आणि तेवढ्यात जंगलातून एक पांढरी घोडी, मागंपुढं कुणी माणूस नाही, चालत आली आणि बँडपुढं उभी राहून नाचायला लागली. एक आजी तर हात जोडूनच उभ्या. "देवानं धाडली गं बाई!" मामाचा रुसवा जागच्या जागी उतरला. नवरीच्या काकानं घरातली नवी चादर आणून तिच्या पाठीवर टाकली. तुम्ही बनियनवरच गेलात, तिच्या तोंडाशी हात नेलात आणि असे उभे राहिलात, जणू तुमचा पिढीजात धंदाच हा. कुणीतरी आपल्या दोघांच्या डोक्याला फेटे बांधले. मुलीच्या बापानं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचा बँड कुठला?" मी म्हटलं, आम्ही फक्त घोडी. पहिल्या पंगतीला बसवलं आपल्याला. ती वांग्याची भाजी मी अजून विसरलेलो नाही, आणि बुंदीही.

दुसऱ्या दिवशी वाटेनं मी तुम्हाला सोडलं नाही. बांधली असती तर ही पळापळ झाली असती का, असं मी प्रत्येक वळणावर विचारत होतो. शेवटी तुम्ही लगाम ओढून थांबलात आणि माझ्याकडं वळून म्हणालात, "अन् बांधली असती तर त्या पोराचं लगीन लागलं असतं का? बराबर सांगा." मी तलाठ्याला टाच मारली आणि पुढं निघालो.

पण मी गप्प बसणाऱ्यातला नव्हतो. घरी आल्यावर औंढ्याच्या बाजारातून चांगलं जाड, नवंकोरं दावं विकत घेतलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि अक्का, सुमन, वैशाली सगळ्यांसमोर तुम्हाला दिलं. "घ्या, सरपंचिणीला लग्नाचा आहेर." सगळे हसले. तुम्हीही हसलात. "ऱ्हाऊ द्या, कपडे वाळू घालायला हुईल," म्हणालात आणि ते सरपंचिणीच्या खोगिराला लटकणाऱ्या पडशीत टाकलंत. पुढच्या कोणत्याही फेरीत ते दावं मला बाहेर दिसलं नाही.

भांडण मात्र चालूच राहिलं. मी तलाठ्याला बांधायचो, तुम्ही घोडीला जरा लांब, पळसाच्या झुडपांपलीकडं चरायला सोडायचात आणि माझ्याकडं बघून हसायचात. सकाळी मला जाग यायची तेव्हा तुम्ही उठलेले, शेगडीवर चहा उकळलेला आणि सरपंचीण खोगीर घालून आपल्यापाशी उभी. "बघा मेस्त्री. हाय का जाग्यावर?" दर वर्षी, दर मुक्कामाला. मी हरल्यासारखा चहा प्यायचो. आणि खरं सांगू? मला त्या चहाचं फार अप्रूप वाटायचं. हा माणूस थंडीत माझ्याआधी उठतो आणि माझ्यासाठी चहा करतो, असं मी सुमनला कितीदा कौतुकानं सांगितलंय. ती म्हणायची, "शिका काहीतरी त्यायच्याकडून."

मग या वर्षी संक्रांत होऊन गेली आणि तुम्ही गेलात. तेरवीनंतर घरात एकच प्रश्न उरला. अक्का वैशालीकडं नांदेडला राहायला जाणार, हे ठरलं. शेत बटईनं द्यायचं ठरलं. घोडीचं काय? कनेरगाव नाक्याचा तोच बँडवाला तिला परत मागायला आला होता. आता पुन्हा घोडीची फॅशन आलीय म्हणे, कारण प्रत्येक नवरदेवाला वरून ड्रोननं शूटिंग पाहिजे आणि वरून जेसीबी चांगला दिसत नाही. माणूस वाईट नाही. पण सरपंचिणीचं आता वय झालंय. डीजेच्या भिंतीसमोर तिला रोज उभी करायची, हे कुणालाच बघवणार नव्हतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. सेनगाव रस्त्यावर माझा प्लॉट आहे, चार पत्रे टाकले की गोठा होतो. तलाठ्याचा प्रश्न नव्हता. तिची मात्र मला भीती वाटत होती. ती फक्त तुमचं ऐकायची, म्हणजे तुमचंही ऐकायची नाहीच, पण तुमच्याकडं परत यायची. माझ्या प्लॉटसमोरून ट्रक जातात. कुठं वाजंत्री ऐकली आणि रस्त्यावर धावली तर मी वैशालीला काय तोंड दाखवू? मी म्हटलं, पळस फुलू दे. एकदा तिला डोंगरात नेऊन आणतो, मग हो की नाही ते सांगतो.

निघताना अक्का गोठ्यापाशी आल्या. घोडीच्या मानेवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "न्या. पन तिला बांधू नका बरं. त्यायनी कधी बांधली न्हाई."

मी तलाठ्यावर बसलो आणि सरपंचिणीला मागून घ्यायचं ठरवलं. पहिल्या बांधापर्यंत ते चाललं. ती मागून चालायला तयारच होईना. शेवटी तिच्यावर खोगीर चढवलं, तुमच्या लांब पायांच्या मापाच्या रिकिबी वर घेतल्या आणि मी बसलो. तलाठी मुकाट्यानं मागून यायला लागला, बिनालगामाचा. त्याला यायला काही अडचण नव्हती, पुढं जाण्याची जबाबदारी नव्हती ना. वाटेवर वनरक्षक भेटला. त्याला माहीत नव्हतं. "पळस फुलला तवाच म्हनलं, आता येऊन राहिले दोघं. दुसरे काका मागून येऊन राहिले का?" मी सांगितलं. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "चूल पेटवू नका म्हनून आता कुनाला सांगू?" आम्ही दोघंही हसलो आणि दोघांचेही डोळे भरून आले.

मुक्काम मी मुद्दाम त्याच टेकाडावर टाकला. ऊन उतरत होतं. ताडपत्री काढली, शेगडी काढली, तलाठ्याला माझ्या गाठीनं बांधलं. मग सरपंचिणीला बांधायला दोरी हवी म्हणून तिची पडशी उघडली. तुम्ही भरलेली होती तशीच होती ती. अंग घासायचा खरारा, दाण्याचा तोबरा, सुपारीची डबी. आणि तळाशी ते दावं, मी दिलेलं.

दिगंबरराव, मी गाड्या वाचण्यात आयुष्य घातलंय. कोणता भाग वापरला आणि कोणता नुसता पडून होता, हे मला विचारावं लागत नाही. पडून राहिलेली दोरी कडक होते, घडीवर मोडते. हे दावं हाताला फडक्यासारखं मऊ लागलं. एका टोकाला झाडाच्या सालीनं घासून धागे सुटलेले, ते तुम्ही सुतळीनं परत गुंडाळलेले. दुसऱ्या टोकाला फास, आणि फासाच्या गाठीत अडकलेले पांढरे केस. गाठ मी दिव्यासमोर नेऊन बघायचीही गरज नव्हती. टपावर सामान बांधायची माझी गाठ होती ती. बोटानं झटका दिला आणि सुटली. वकील लागला नाही.

म्हणजे त्या लग्नानंतर तुम्ही तिला दर मुक्कामाला बांधत होतात! पळसाच्या आड, लांब, मी झोपल्यावर. आणि मला दिसू नये म्हणून माझ्याआधी उठून सोडत होतात, खोगीर चढवत होतात आणि वर मलाच विचारत होतात, हाय का जाग्यावर! तो चहा! अहो, मी त्या चहाचं कौतुक गावभर करत फिरलो. मी तिथं एकटाच इतका हसलो की तलाठी चरायचा थांबून माझ्याकडं बघायला लागला. तुम्ही गेल्यापासून असा पहिल्यांदा हसलो. हसता हसता रडू कधी आलं ते कळलं नाही, पण आलं. चहा मात्र खरा होता, त्यात आलं असायचं. नुसतं लपवायचं असतं तर कुणी आलं ठेचत बसलं नसतं. (अक्काला चष्मा लावायचा कंटाळा आहे, तेव्हा हे कुणीतरी त्यांना वाचून दाखवणार. वाचणाऱ्यानं दाव्याचा हा सगळा भाग गाळावा.)

तर भांडण मी जिंकलो होतो. इतक्या वर्षांनी, पुराव्यानिशी. आणि जिंकल्याचं सांगायला समोर कुणी नाही. दावं हातात घेऊन मी सरपंचिणीपाशी गेलो. गाठ घालायला दोन्ही हात वर केले, आणि घालवेना. तुम्ही सगळ्यांना सांगत होतात की ही राहते. अक्काचा त्यावर विश्वास आहे, लेकीचा आहे. इतक्या वर्षांत माझाही बसला होता. एवढ्या माणसांनी खरी मानलेली गोष्ट एकदा तरी खरी व्हायला पाहिजे, असं मला वाटलं. ती गेली असती तर माझं काय झालं असतं ते मला माहीत होतं. तरी मी हात खाली घेतले आणि चार पावलं मागं आलो.

आणि बघा, नेमका तेव्हाच खालच्या गावात बँड वाजायला लागला. लग्नसराईच ती. तिनं कान टवकारले. मान वर केली. उताराच्या दिशेनं दोनतीन पावलं टाकली. हाक मारावीशी वाटली, पण मी मारली नाही. तुम्ही असता तर तुम्हीही मारली नसती, किमान मी बघत असताना. ती थांबली. मग तिचे पुढचे पाय उचलले गेले, एक, मग दुसरा. ती तिथंच नाचायला लागली. ना नवरदेव, ना फेटा, ना चादर, वर लाल पळस आणि खाली वाळकी पानं. खालचा बँड वाजत होता तोवर ती नाचली. बँड थांबला तशी तीही थांबली, फुरफुरली आणि तलाठ्यापाशी येऊन चरायला लागली.

मी झोपलो. जागा राहून राखण केली नाही, हे शपथेवर सांगतो. सकाळी ताडपत्रीबाहेर आलो तर ती जागेवर होती. तलाठ्याचीही गाठ मी सोडून दिली, आणि तोही कुठं गेला नाही. उगाच त्याला इतकी वर्षं बदनाम केलं आपण. चहा मीच केला. आलं विसरलो होतो. टेकाडावर रेंज येते तिथं उभं राहून वैशालीला फोन लावला आणि बँडवाल्याला नाही म्हणून सांग म्हटलं. पत्रे येत्या आठवड्यात बसतील. प्लॉटला रस्त्याच्या बाजूनं फाटक मात्र लावणार आहे. तेवढं मेकॅनिक माणसाला करू द्या.

तुमचं दावं फेकलं नाही. दोन सागांच्या मध्ये बांधलं आणि त्यावर माझा टॉवेल वाळत घातला. ते कशासाठी आहे ते तुम्हीच सांगितलं होतं. आता तुम्ही जिथं असाल तिथं खुशाल सांगा, आमची सरपंचीण बांधावी लागत नाही म्हणून. कुणी खोटं म्हणालं तर माझं नाव घ्या. मी बघितलंय.